गांगानेल्लीचा अहवाल आणि त्यातले दोन अपवाद

सेसिल रॉथ यांचे नाव आपल्या वाचकांना नवे नाही. ज्यांच्या घरी ‘एन्सायक्लोपीडिया ज्युडाइका’चे जाड खंड कपाटात आहेत त्यांनी मुख्य संपादक म्हणून ते पाहिले असेल. ऑक्सफर्डला त्यांनी पंचवीस वर्षे यहुदी विद्या शिकवली, शेवटी ते जेरुसलेमला आले आणि १९७० साली येथेच वारले. त्यांनी १९३५ साली लंडनमध्ये एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले होते. ते या हिवाळ्यात माझ्या हाती आले आणि मी ते दोनदा वाचले. लॉरेन्झो गांगानेल्ली या कार्डिनलने १७५९ साली रोममध्ये लिहिलेल्या एका अहवालाचे ते इंग्रजी भाषांतर आहे. यहुदी लोक पेसाहसाठी ख्रिस्ती मुलांचे रक्त वापरतात, हा जो आळ युरोपात शतकानुशतके घेतला जात होता, त्याची चौकशी त्या अहवालात आहे. हिब्रूत या आळाला ‘अलिलत दाम’ म्हणतात. आपण त्याला रक्ताचा आळ म्हणू.

या अहवालाची ओळख बहुधा एका वाक्यात करून दिली जाते : एका कार्डिनलने यहुद्यांना निर्दोष ठरवले आणि पुढे तोच पोप झाला. मीही वर्गात कधीतरी असेच सांगितले असेल. तासाला वेळ थोडा असतो आणि असे वाक्य मुलांच्या लक्षात राहते. पण मूळ वाचल्यावर मला ते पुरे वाटेना. अहवाल त्या वाक्यापेक्षा चांगलाही आहे आणि वाईटही. दोन्ही गोष्टी समजायच्या तर अठराव्या शतकात कार्डिनल म्हणजे कोण, त्याला काय बोलता येत होते आणि काय नाही, हे आधी पाहावे लागते.

कार्डिनल म्हणजे पोपच्या खालोखालचा लाल टोपीवाला मानकरी. पोप वारला की हेच लोक दारे बंद करून बसतात आणि आपल्यातून नवा पोप निवडतात. त्यांची संख्या सत्तरपेक्षा जास्त असू नये असे १५८६ साली ठरले होते. ही टोपी मिळण्यासाठी मोठा धर्मपंडित असणे मुळीच आवश्यक नव्हते. ज्युलिओ अल्बेरोनी हा माळ्याचा मुलगा. तो स्पेनच्या राजाचा कारभारी झाला आणि १७१७ साली कार्डिनल. हेन्री स्टुअर्ट हा इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या, पण गादी न मिळालेल्या घराण्यातला. त्याला १७४७ साली टोपी मिळाली तेव्हा तो फक्त बावीस वर्षांचा होता. अलेस्सांद्रो अल्बानी हा पोप क्लेमंट अकराव्याचा पुतण्या. त्याचे सारे आयुष्य जुने पुतळे जमवण्यात गेले. फ्रान्सच्या कार्डिनल रोहानचे नाव तर राणीच्या हिऱ्यांच्या हाराच्या भानगडीमुळेच लोकांच्या लक्षात राहिले. पुतण्याला टोपी देण्याची चाल इतकी बोकाळली होती की १६९२ साली पोपलाच फर्मान काढून तिला आवर घालावा लागला. तरी ती पूर्ण गेली नाही. अशा राजपुत्रांच्या, पुतण्यांच्या आणि कारभाऱ्यांच्या मेळ्यात गांगानेल्ली हा साधा भिक्षू होता, हे ध्यानात ठेवावे.

त्याचा जन्म १७०५ साली रिमिनीजवळच्या एका गावी झाला. बाप वैद्यकी करणारा. मुलगा लहान वयातच फ्रान्सिस्कन संघात गेला, शिकला आणि मग बरीच वर्षे शिकवत राहिला. १७४० नंतर तो रोममध्ये सेंट बोनाव्हेंचर कॉलेजात आला. पोप बेनेडिक्ट चौदाव्याचे लक्ष त्याच्याकडे गेले आणि त्याला होली ऑफिसचा सल्लागार नेमण्यात आले. होली ऑफिस म्हणजे इन्क्विझिशनची रोममधली कचेरी. गोव्याच्या इन्क्विझिशनची नावे ऐकलेल्या आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. सल्लागाराचे काम म्हणजे आलेले प्रकरण वाचणे, जुने दाखले काढणे आणि कार्डिनलांच्या मंडळापुढे लेखी मत ठेवणे. गांगानेल्लीला हे प्रकरण १७५८ साली सोपवले गेले तेव्हा तो कार्डिनल नव्हता. टोपी त्याला सप्टेंबर १७५९ मध्ये मिळाली. रॉथ यांनी पुस्तकाच्या नावातच ‘कार्डिनल’ हा किताब घातला आहे आणि कंसात पोप म्हणून घेतलेले नावही दिले आहे. मराठी ग्रंथांत लेखकाच्या नावामागे पदव्या लावतात तसेच हे आहे. पण त्यामुळे वाचकाची अशी समजूत होते की एक बलाढ्य माणूस निर्भयपणे बोलला. प्रत्यक्षात हे काम सुरू केले ते वरच्यांच्या मर्जीवर असलेल्या एका अभ्यासू भिक्षूने. अहवालाचे गुणही त्याच जागेतून येतात आणि दोषही.

प्रकरण पोलंडचे होते. याम्पोल गावी १७५६ साली एका ख्रिस्ती माणसाच्या प्रेतावरून तेथील यहुद्यांवर खुनाचा आळ आला. धरपकड झाली, छळ झाला. पोलंडात हे नवे नव्हते. कोठे प्रेत सापडले की बोट यहुद्यांकडेच, अशी गत होती. तेव्हा पोलंडच्या यहुद्यांची स्वतःची एक मोठी पंचायत होती, ‘वआद अर्बा अरात्सोत’, म्हणजे चार प्रांतांची परिषद. तिने याकोव सेलेक नावाच्या गृहस्थांना अर्ज देऊन रोमला पाठवले. हिब्रू कागदांत त्यांचे नाव एल्याकिम बेन आशेर झेलिग असे येते. आगगाडी नाही, रोममध्ये ओळखीचे कोणी नाही, आणि तेथले आपले लोक १५५५ पासून घेट्टोच्या भिंतीआड कोंडलेले. हे गृहस्थ तेथे पोचले आणि उत्तर मिळेपर्यंत चिवटपणे थांबले. ते थांबले असताना १७५८ च्या मे महिन्यात पोप बेनेडिक्ट वारला आणि क्लेमंट तेरावा गादीवर आला, तरी ते परत फिरले नाहीत. अहवालाचे श्रेय वाटायचेच झाले तर पहिला वाटा याकोव सेलेक यांचा. कार्डिनलांच्या चरित्रांत असल्या माणसाला एक ओळ मिळाली तरी पुष्कळ.

हा आळ आपल्या कानांना किती विचित्र वाटतो ते पाहा. आपल्या आयांनी मटण मीठ लावून ठेवल्याशिवाय आणि रक्त काढून टाकल्याशिवाय कधी चुलीवर चढवले नाही. अंडे फोडल्यावर रक्ताचा ठिपका दिसला की ते अंडे बाहेर जाई, मग घरात एकच अंडे का असेना. तोरात रक्त खाण्याला मनाई आहे, हे आपल्याकडे अक्षरशत्रू म्हातारीलाही ठाऊक असे. आणखी एक गोष्ट आहे आणि ती हे पुस्तक वाचताना माझ्या मनातून जाईना. पेसाहला, ज्याला जुनी माणसे ‘अनाशी ढाकायचा सण’ म्हणत, कोकणातल्या आपल्या घरांत बकऱ्याच्या रक्तात पंजा बुडवून तो कागदावर उमटवत आणि तो कागद दारावर लावत. मिसरातल्या त्या रात्रीची ती आठवण. दारावर रक्ताचा पंजा, तोही पेसाहला, आणि शेजारी कुणबी, आगरी, मुसलमान. हे रक्त कोणाचे असे शेकडो वर्षांत कोणी विचारले नाही. पोलंडच्या एखाद्या खेड्यात हाच पंजा दारावर दिसला असता तर त्या घरातल्या माणसांचे काय झाले असते, याचा विचार करवत नाही. म्हणून हा अहवाल आपण परक्याचा कागद म्हणून वाचतो, आणि तो आपल्याला नीट वाचता येतो याचे कारणही तेच असावे.

आता अहवालाकडे वळू. गांगानेल्लीच्या लिहिण्यात भावनेला जागा नाही. यहुद्यांविषयी प्रेमाचा शब्द शोधू नये, तो मिळणार नाही. त्याची पद्धत चांगल्या परीक्षकाची आहे. असे घडते असे पूर्वी पुष्कळांनी लिहिले आहे, एवढ्यावर तो थांबत नाही. कोणी लिहिले, कधी लिहिले, त्याने स्वतः पाहिले की दुसऱ्याचे उतरून काढले, असे तो विचारतो. जुनी प्रकरणे एकेक करून हाती घेतो आणि आळ घेणाऱ्यांची बाजू कोठे ढासळली ते दाखवतो. तेराव्या शतकातल्या पोपांची पत्रे तो पुढे ठेवतो. त्यांत इनोसंट चौथ्याचे १२४७ चे पत्र महत्त्वाचे, कारण यहुद्यांवर असला आळ घेऊ नये असे खुद्द पोपच्या कचेरीतून तेव्हाच लिहिले गेले होते. मग तो आपल्या काळाजवळचे प्रकरण घेतो : १७०५ सालचे व्हिटेर्बोचे. व्हिटेर्बो हे पोपच्याच राज्यातले शहर. तेथेही हाच आळ आला होता. रोमचे रब्बी त्रांक्विलो व्हिता कॉर्कोस यांनी लेखी बचाव केला आणि आळ टिकला नाही. हा दाखला निवडण्यात गांगानेल्लीची हुशारी दिसते. पोलंडच्या बिशपांना तो जणू सांगतो की आमच्या दाराशी हे झाले, आम्ही तपासले आणि ते खोटे निघाले, तेव्हा तुमचे खरे असेल असे आम्ही का धरावे? चाळीस मुलांचा वर्ग सांभाळलेल्या माणसाला ही रीत ओळखीची आहे. वर्गात काही हरवले की सगळ्यांची बोटे एकाच मुलाकडे जातात, आणि मास्तराने तेव्हा पहिल्याने विचारायचे असते ते, ‘तू स्वतः पाहिलेस का?’

इथवर वाचून मन सुखावते. मग ते दोन अपवाद येतात.

गांगानेल्ली म्हणतो की सगळे आळ खोटे, पण दोन घटना मी खऱ्या धरतो. पहिली ट्रेंट शहरातल्या सिमोन नावाच्या मुलाची, १४७५ सालची. दुसरी टिरोलमधल्या रिन गावच्या आंद्रेआस या मुलाची, १४६२ सालची. या दोन्ही मुलांना यहुद्यांनी मारले असे मानून त्यांची पूजाअर्चा चालू होती. सिमोनच्या पूजेला पोप सिक्स्टस पाचव्याने १५८८ साली मान्यता दिली होती. आंद्रेआसच्या पूजेचा प्रश्न तर अगदी ताजा होता. गांगानेल्लीला वर आणणाऱ्या बेनेडिक्ट चौदाव्यानेच १७५५ साली त्यावर एक मोठे पत्र काढले होते. म्हणजे ज्याने चौकशी लावली, त्याच्याच सहीच्या कागदाला खोटे म्हणायचे की नाही, असा प्रश्न होता. गांगानेल्लीने म्हटले नाही. त्याने एवढेच म्हटले की दोन ठिकाणी दोनचार दुष्टांनी असे केले म्हणून ती साऱ्या जातीची रीत ठरत नाही.

वकिली म्हणून हे चोख आहे. मान्य केल्यासारखे करून मुद्दा काढून घेतला आहे. दोन मान्य करून शंभर नाकारले, असे कोणी म्हणेल. आणि ते दोन मान्य केले नसते तर अहवाल मंडळापुढे टिकला नसता आणि याकोव सेलेक हात हलवत परत गेले असते, असेही कोणी म्हणेल. मला हे पटते, पण पूर्ण पटत नाही. कारण सत्य शोधण्याची जी रीत त्याने बाकीच्या प्रकरणांना लावली तीच ट्रेंटला लावली असती तर ट्रेंट सर्वांत आधी कोसळले असते. तेथल्या यहुद्यांच्या कबुल्या छळ करून घेतलेल्या होत्या. त्याच वेळी पोपने चौकशीसाठी पाठवलेला बिशप, बातिस्ता दे ज्युदिची, याने त्या कबुल्यांवर शंका घेतली होती. सुरुवातीला रोमने सिमोनची पूजा करायला मनाईच केली होती. तिला मान्यता मिळायला एकशे तेरा वर्षे लागली. हे कागद रोममध्येच होते, आणि हा माणूस तर कागद वाचण्यासाठीच नेमलेला होता. जेथे पूर्वीच्या पोपची मोहोर नव्हती तेथे तो परीक्षक राहिला. जेथे मोहोर होती तेथे त्याने मान खाली घातली.

याचा परिणाम साधा नव्हता. पोलंडमधल्या एखाद्या द्वेष्ट्या पाद्र्याला शंभर प्रकरणांची गरज नव्हती. त्याला एक पुरे होते. आणि ते एक, रोमच्या सर्वांत चांगल्या अहवालातच, शिक्क्यानिशी शिल्लक राहिले.

बेनेडिक्ट चौदाव्याबद्दल येथे दोन शब्द लिहिले पाहिजेत. पोप होण्यापूर्वीचा हा कार्डिनल लाम्बेर्तीनी, बोलोन्याचा. विद्वान, विनोदी, व्होल्टेअरसारख्याशीही पत्रव्यवहार ठेवणारा. संत कोणाला म्हणावे याचे नियम त्यानेच मोठ्या ग्रंथात घालून दिले. अठराव्या शतकातल्या कार्डिनलांची चरित्रे लिहिणारे याच्यावर खूश असतात. पण यहुद्यांच्या बाजूने पाहिले तर चित्र फिरते. १७४७ साली त्याने लिहून ठेवले की यहुदी मुलाला आईबापांच्या संमतीवाचून कोणी बाप्तिस्मा दिला तर ते चुकीचे, पण एकदा दिला की तो पक्का, आणि मूल मग ख्रिस्ती म्हणूनच वाढवायचे. म्हणजे घरातल्या मोलकरणीने गुपचूप पाणी शिंपडले की मूल गेले. पुढच्याच शतकात बोलोन्याच्या मोर्तारा कुटुंबाने हे भोगले. १७४९ साली, याच पोपच्या कारकिर्दीत, अन्ना देल मोन्ते या अठराच्या आसपासच्या मुलीला घेट्टोतून उचलून धर्मांतराच्या घरात तेरा दिवस कोंडले होते. एकामागून एक पाद्री येऊन तिच्याशी बोलत. ती बधली नाही आणि घरी परत आली. तिची हकिगत तिच्या भावाने लिहून ठेवली आणि ती आज छापलेली मिळते. माझी शिफारस आहे की गांगानेल्लीचा अहवाल आणि अन्नाची हकिगत शेजारी ठेवून वाचावी. दोन्ही त्याच शहरातली, मधले अंतर दहा वर्षांचे. एकीत यहुदी हे ‘प्रकरण’ आहेत. दुसरीत रात्री झोप न आलेली एक मुलगी आहे. लिखाण म्हणून मला अन्नाचे सरस वाटते, अहवालाचे शास्त्र कितीही पक्के असो.

अहवालाचे पुढे काय झाले? मंडळाने तो स्वीकारला. होली ऑफिसची सूत्रे तेव्हा कार्डिनल नेरी कॉर्सिनी याच्या हाती होती. हाही एका पोपचा पुतण्या, पण या कामात त्याने कुचराई केली नाही. १७६० साली त्याने वॉर्सातल्या पोपच्या वकिलाला, विस्कोंतीला, याकोव सेलेक यांची शिफारस करणारे पत्र लिहिले. पुढे १७६३ साली विस्कोंतीने पोलंडच्या राजाचा मंत्री ब्र्यूल याला कळवले की रोमने तपासले आहे आणि या आळाला पुरेसा आधार नाही. कागद योग्य ठिकाणी पोचले. पण सगळे पत्रापत्रीने, आतल्या आत. देवळात वाचून दाखवायचे फर्मान निघाले नाही. खेड्यातल्या पाद्र्याला, शेतकऱ्याला, कोतवालाला हे कळणार कसे? अहवाल झाल्यावर दोन वर्षांच्या आत व्होइस्लाविच गावी याच आळावरून यहुद्यांना देहदंड झाला. पोलंडात हे आळ पुढे थंडावले त्याचे एक मोठे कारण, मला वाटते, वेगळेच आहे : १७७६ साली तेथल्या संसदेने कबुलीसाठी छळ करण्यावर बंदी घातली. कबुल्या थांबल्या आणि आळाचा आधारच गेला.

गांगानेल्ली १७६९ साली पोप झाला आणि त्याने क्लेमंट चौदावा असे नाव घेतले. त्याने रोमच्या यहुद्यांना इन्क्विझिशनच्या हाताखालून काढले, ही गोष्ट लहान नाही. पण जगाला तो आठवतो जेझुइट संघ बरखास्त करणारा म्हणून. आपल्या माहितीतले सांगायचे तर ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर स्टीफन्स याच संघाचे, आणि मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेजही याच संघाचे. फ्रान्स, स्पेन आणि पोर्तुगालच्या दरबारांनी त्याच्यावर दडपण आणले आणि त्याने १७७३ साली फर्मान काढले. संघाच्या प्रमुखाला, रिच्चीला, त्याने कैदेत टाकले. असे सांगतात की गांगानेल्लीला टोपी मिळावी म्हणून याच रिच्चीने शब्द टाकला होता. वर्षभरात, सप्टेंबर १७७४ मध्ये, पोप स्वतः वारला. त्याच्यावर विषप्रयोग झाला अशी हूल उठली. यहुद्यांना मिळालेली सवलतही फार टिकली नाही. त्याच्यानंतरच्या पायस सहाव्याने १७७५ साली चव्वेचाळीस कलमांचा हुकूम काढला : पिवळी खूण लावा, तालमूद बाळगू नका, घोडागाडीत बसू नका, कबरीवर दगड लावू नका. एका माणसाच्या मर्जीने मिळालेले दुसऱ्याच्या मर्जीने गेले.

मेल्यावर तर गंमतच झाली. पॅरिसमध्ये काराचोली नावाच्या लेखकाने या पोपची पत्रे म्हणून पुस्तक काढले. ते युरोपभर वाचले गेले. त्यातली बरीचशी पत्रे बनावट होती. एकोणिसाव्या शतकात चरित्रकार भांडू लागले. १८४७ मध्ये क्रेतिनो-जोली याने जेझुइटांची बाजू घेऊन त्याला झोडपले. १८५३ मध्ये थाइनर याने त्याची पाठराखण केली. भांडणाचा विषय जेझुइट. आणि ज्या कागदात त्याच्या बुद्धीची खरी कसोटी लागली होती तो कागद मात्र १८८८ साली अब्राहम बर्लिनर या यहुदी विद्वानाने बर्लिनला छापला, तेव्हा कोठे लोकांपुढे आला. खोटी पत्रे लगोलग छापली गेली आणि खरा अहवाल एकशे एकोणतीस वर्षे पडून राहिला.

छापला गेला तो पुढे उपयोगी पडला. १९१३ साली कीव्हमध्ये मेंडेल बेलिस याच्यावर हाच आळ ठेवून खटला चालला. प्रानाइटिस नावाचा कॅथलिक पाद्री साक्षीला उभा राहिला आणि आळाविरुद्धची पोपांची पत्रे बनावट आहेत असे म्हणाला. लंडनहून लॉर्ड रॉथ्‌शिल्ड यांनी रोमला, कार्डिनल मेरी देल व्हाल याला लिहून विचारले की इनोसंटचे पत्र आणि गांगानेल्लीचा अहवाल खरे आहेत ना? कार्डिनलने खरे असल्याचे कळवले. बेलिस सुटला. रॉथ यांनी १९३५ साली पुन्हा पुस्तक काढले त्यामागचे कारण तर आपल्या सर्वांना समजेल. आदल्याच वर्षी जर्मनीत ‘डेर श्ट्युर्मर’ या नाझी पत्राने रक्ताच्या आळावर खास अंक काढला होता. तेव्हा कार्डिनलचे नाव मोठ्या अक्षरांत छापण्यात रॉथ यांचा हेतू काय होता हे उघड आहे, आणि वर मी शीर्षकावर जो आक्षेप घेतला तो १९३५ साली घेतला नसता. घर जळत असताना बादलीला भोक आहे का हे कोणी पाहत नाही. आज मात्र ते पाहायला हरकत नसावी.

कोणी विचारील, अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका भिक्षूच्या दोन वाक्यांवर एवढा रोष का? त्याला कारण आहे. आपल्याबद्दलही एकदा विद्वान धर्माधिकारी बसले होते. बेने इस्राएल पूर्ण यहुदी आहेत का, त्यांच्याशी लग्न लावावे का, यावर निर्णय झाला. निर्णय आपल्या बाजूचा होता. पण त्याला शेपूट होते : लग्नापूर्वी आई, आजी, पणजी, जमेल तितक्या मागे जाऊन चौकशी करावी. मी तेव्हा शाळकरी मुलगी होते, अजून भारतात. इकडून मामांचे पत्र आले की वडील ते मोठ्याने वाचत, आणि त्या ‘पण’पाशी आले की चष्मा काढून थांबत. आपली माणसे जेरुसलेमच्या रस्त्यावर बसली आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने ठराव करून सांगितले की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत. दोन्ही गोष्टी एका तोलाच्या नाहीत हे मला कळते. पोलंडात जीव जात होते, आपला फक्त मान गेला होता. पण अहवाल आपल्या बाजूचा असूनही त्यातला अपवाद कसा बोचतो, हे समजायला मला दुसरे उदाहरण शोधावे लागले नाही. आणि हेही दिसते की आपल्या लोकांनी ‘पण’सकट दाखला घेऊन घरी जाणे नाकारले. याकोव सेलेक यांना ती सोय नव्हती. त्यांनी अपवादासकट कागद घेतला, आणि माझ्या मते बरोबर केले.

पुस्तकाविषयी थोडे व्यावहारिक. इंग्रजी जुन्या वळणाचे आहे आणि अहवालात लॅटिन ग्रंथांची नावे फार येतात. ती ओलांडून पुढे जावे, काही बिघडत नाही. ज्यांना सगळे वाचवत नाही त्यांनी व्हिटेर्बोचा भाग वाचावा आणि ट्रेंट व रिनचा भाग वाचावा, आणि दोन्ही एकाच बैठकीत वाचावेत. नातवंडांना सांगायचे असेल तर याकोव सेलेक यांच्यापासून सुरुवात करावी. मुले प्रवासाची गोष्ट ऐकतात, अहवालाची ऐकत नाहीत.

ते दोन अपवादही पुढे गेले, पण फार उशिरा. सिमोनची पूजा चर्चने १९६५ साली बंद केली. रिनच्या आंद्रेआसची पूजा इन्सब्रुकचे बिशप राइनहोल्ड श्टेखर यांनी १९९४ साली मना केली, म्हणजे गांगानेल्लीच्या अहवालानंतर दोनशे पस्तीस वर्षांनी. बंदीनंतरही काही हट्टी भाविक दर वर्षी त्या डोंगरावर जात राहिले.